बुडालेल्या जहाजावर पेटणारी चूल

जहाज बुडाले की सारे संपले, असे आपण समजतो. पण इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावातल्या अनेक घरांची चूल एका बुडालेल्या जहाजामुळेच पेटते. पाठीवर हवेची टाकी बांधून ते जहाज पाहायला जगभरची माणसे तिथे येतात. या खेळाला स्कूबा डायव्हिंग म्हणतात.

दोनदा नष्ट झालेले जहाज

जहाजाचे नाव 'लिबर्टी'. अमेरिकी लष्कराचे हे मालवाहू जहाज १९१८ साली बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन ते फिलिपाईन्सकडे निघाले होते. ११ जानेवारी १९४२ रोजी बाली आणि लोंबोक या बेटांमधील सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याच्यावर टॉर्पेडो डागला. दोन विनाशिकांनी त्याला बालीच्या उत्तरेकडील सिंगाराजा बंदराकडे ओढत नेण्याची खटपट केली. परंतु आत पाणी फार भरले, म्हणून त्याला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवावे लागले.

तेथे ते एकवीस वर्षे पडून होते. १९६३ साली जवळच्याच अगुंग ज्वालामुखीचा भयंकर उद्रेक झाला. हजाराहून अधिक माणसे मेली, गावे उद्ध्वस्त झाली. त्या हादऱ्यांनी जहाज किनाऱ्यावरून घसरले आणि समुद्रात आडवे झाले.

आज ते काळ्या वाळूच्या उतारावर पडलेले आहे. लांबी सुमारे १२० मीटर. त्याचा वरचा भाग पाण्याखाली अवघ्या काही मीटरवर, तर सर्वांत खोल भाग सुमारे ३० मीटरवर आहे. किनारा इतका जवळ की होडीही लागत नाही. माणूस चालत पाण्यात शिरतो. पाणी उबदार असते. लोखंडावर प्रवाळ आणि पंख्यासारखे समुद्री जीव वाढले आहेत. कपाळावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे, चंदेरी माशांचे थवे, वाळूत अर्धे अंग पुरून डोलणारे बारीक वाम, असा मोठा संसार त्या सांगाड्याभोवती थाटला आहे. मारण्यासाठी डागलेल्या टॉर्पेडोनंतरची ही गोष्ट आहे!

टाकीत ऑक्सिजन नसतो

डायव्हरच्या पाठीवर 'ऑक्सिजनची टाकी' असते, असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. साधारणपणे त्या टाकीत आपण रोज घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. टाकीला जोडलेले यंत्र त्या दाबाच्या मानाने हवा तोंडात सोडते. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी असे यंत्र यशस्वी करून दाखवले.

म्हणूनच पहिला नियम हा, की पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो आणि छातीतली हवा फुगते. श्वास कोंडला तर फुप्फुस फाटू शकते. दुसरा नियम, वर सावकाश यायचे. घाईने आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि त्यातून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही ओढवू शकते. बुडी मारल्यावर किमान १८ ते २४ तास विमानप्रवास टाळावा. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि जुन्या लोखंडाला हात लावू नये. ते गंजलेले, धारदार असते. शिवाय एका हिसक्याने वर्षानुवर्षे वाढलेले प्रवाळ मोडते.

भार कुणाच्या डोक्यावर?

पण तुलांबेनचे खरे दर्शन पाण्याबाहेर घडते. भरलेली एक टाकी पंधरा किलोच्या आसपास असते. किनारा सारा गोल गोट्यांचा. मोकळ्या हाताने चालतानाही पाय मुरगळावा असा. त्यावरून डोक्यावर चुंबळ ठेवून गावातल्या बायका टाक्या वाहून नेतात. कित्येकदा एकीच्या डोक्यावर दोन टाक्या असतात! पाहुणा पाण्याखालचे जहाज पाहून थक्क होतो. त्याने या बायांकडेही पाहावे. त्यांच्या मानेवर आणि पाठीवर हा सारा खेळ उभा आहे. तेथील हमालांनी संघटित होऊन काम वाटून घेतले, म्हणून जहाजाचा पैसा थोडा तरी गावात राहतो.

हे आपल्याही कामाचे आहे. नौदलाचे 'गुलदार' हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. ते सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प महाराष्ट्र शासनाने हाती घेतला. अशा प्रकल्पात आपल्या किनाऱ्यावरच्या मुलामुलींच्या वाट्याला काय येणार? केवळ टाक्या वाहणे, की बुडी शिकवणे, बोट चालवणे, हिशेब ठेवणेही?

श्रमात कमीपणा नाही. पण वाहणाऱ्याच्या मुलीला शिकवणारी होण्याची वाट मोकळी हवी. म्हणून मुलांना पोहायला शिकवा, मुलींना तर अवश्य शिकवा. प्रशिक्षणाची चौकशी करा आणि प्रमाणपत्र मिळवा. जहाज कुणीही बुडवू शकेल. त्यावर कुणाचे घर उभे राहते, हे आपण आताच पाहिले पाहिजे.