न्हाणीघराची फरशी

पंचगंगेचें पाणी २०१९ व २०२१ सालीं कोल्हापुरांत अनेक घरांत शिरलें, त्याची आठवण सर्वांस आहे. परंतु न्हाणीघरांत रोज सांडणाऱ्या पाण्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. पलीकडच्या भिंतीस ओल आली म्हणजे आपण फरशीस दोष देतों. वस्तुतः झिलईदार फरशींतून पाणी सहसा मुरत नाहीं. तें मुरतें सांध्यांतून व कोपऱ्यांतून. म्हणून सांधा फुटतांच भरून घ्यावा. उतार मोरीकडे असावा. दर चार फुटांस सुमारें एक इंच.

दुसरी चूक ॲसिडाची. जुन्या घरांतील शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडतांच ती फसफसते व झिजते. सिमेंटाचे सांधेही तसेच पोखरतात. बुळबुळीत थर धुण्याचा सोडा, गरम पाणी व काथ्याचा ब्रश यांनीं निघतो.

सर्वांत शेवटीं स्नान करणारानें पाणी मोरीकडे ओढून दार उघडें ठेवावें. एकत्र कुटुंबांत हें काम सर्वांचें, म्हणून कोणाचेंच होत नाहीं. आणि पहांटे पाय घसरतो तो आजीचा. तिच्या मोडलेल्या खुब्यापुढें दोन मिनिटांचे श्रम ते काय!