नव्या मास्तरांची लावणी



भाताचे रोप आधी राबात वाढते. पण रोप तरारले म्हणून पीक हाती आले, असे आपण कधी म्हणत नाही. खाचरात लावल्यावर त्याने मूळ धरले, की मग खरे. शिक्षकाचेही तसेच आहे. कॉलेजात तो राबात असतो. त्याची लावणी होते ती शाळेच्या वर्गात.

बी.एड.ची मुले-मुली शाळांत सराव पाठ घ्यायला येतात, हे आपण पाहिले असेल. हातात पाठाचे टाचण, काखेत तक्त्यांची गुंडाळी. त्यांचे प्राध्यापक मागच्या बाकावर वही घेऊन बसतात. पुष्कळ पालक म्हणतात, "शिकाऊ मास्तर आले, आता पोरांचे दिवस वाया!" ही तक्रार अगदीच खोटी नाही. चार पाठ उरकून, शिक्का घेऊन निघून जाण्याची रीत पडली, तर वर्गाचे नुकसान होते आणि शिकणाराही कच्चा राहतो.

म्हणूनच २०१४ च्या नियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवडे शाळेत राहून काम करणे आले. आता एवढे दिवस कारणी लागावेत, ही जबाबदारी कॉलेजची, शाळेची आणि थोडी आपलीही आहे.

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरचे उदाहरण घ्या. हा भाग मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. खाडीकाठची मिठागरे, भाताची खाचरे आणि उत्तनचे कोळीवाडे असलेली ही गावे आधी नगरपरिषदेत आणि २००२ साली महानगरपालिकेत आली. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमांच्या आहेत. अशा ठिकाणी बाष्पीभवन शिकवायचे, तर नवखा शिक्षक पुस्तकातले चित्र फळ्यावर काढील. पण ज्या मुलाच्या आजोबांनी खाडीचे पाणी वाफ्यात घेऊन उन्हात मीठ पिकवले, त्याला तो धडा घरातच सापडतो. हे नवख्याला कोण सांगणार? वर्गशिक्षक सांगतील, मुलांचे आईबाप सांगतील. विद्यापीठाच्या पुस्तकात ते छापलेले नसते.

असे एकत्र काम आपल्या देशात झालेले आहे. मध्य प्रदेशच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग सुरू केला. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक त्यात उतरले. मुलांनी जे प्रयोग करायचे, ते शिबिरात आधी शिक्षक स्वतः करून पाहत. मग दर महिन्याला बैठक. काय जमले, कुठे अडले, ते शिक्षक मोकळेपणी सांगत आणि त्यावरून पुस्तके पुन्हा लिहिली जात. १९७८ मध्ये हे काम जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत गेले. २००२ साली सरकारने ते थांबवले, पण तीस वर्षे ते चालले. प्राध्यापक खेड्यातल्या मास्तरांकडूनही शिकले, हे त्यातले मोठे बळ होते. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरातही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने त्याच दशकात ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर काम केले.

तेव्हा पुढच्या खेपेला शिकाऊ शिक्षक आले, की शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा. हे शिक्षक एकाच वर्गाबरोबर पुरेसे दिवस राहणार का? त्यांचे प्राध्यापक पाठ पाहून झाल्यावर आपल्या गुरुजींशी बोलतात का? आणि मागे पडलेल्या मुलांना घेऊन ते वेगळे बसतील का? एखाद्या संध्याकाळी त्यांना घरी बोलवा, शेत दाखवा. आपली मुले कोणत्या शब्दांत बोलतात, कोणत्या हंगामात कामाला जुंपली जातात, ते त्यांना कळू द्या.

शहरातल्या मुलाला शाळेत समजले नाही, तर शिकवणी असते. आपल्या मुलाला वर्गातले मास्तर, एवढाच आधार. उद्या नेमणूक घेऊन येणारा शिक्षक आज कुठल्या तरी शाळेत मूळ धरतो आहे. ती शाळा आपली असेल, तर त्या रोपाला पाणी आपणच घालायचे.