शेत जाते, हुन्नर राहतो : पनवेल तालुक्यातील तरुणांपुढील व्यवसाय-शिक्षणाच्या वाटा

पनवेल तालुका हा पूर्वापार भाताचा मुलूख होय. खाडीकाठच्या खार जमिनींना बांध घालून येथील शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या भात पिकविले. येथीलच खार जमीन संशोधन केंद्राने खारेपणास दाद न देणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती शेतकऱ्यांच्या हाती दिल्या. परंतु १९७० नंतर या मुलखाचे रूप पालटले. नवी मुंबईच्या उभारणीसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. तळोजे येथे कारखाने उभे राहिले, १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले आणि २०२५ मध्ये विमानतळही आला.

जमीन गेली, कारखाने आले. तथापि कारखान्यात गावच्या मुलाला कोणते स्थान मिळणार, हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही. मोबदल्याचा पैसा घरबांधणी, लग्नकार्य व मोटारगाडी यांत पाहता पाहता सरतो. हातातील हुन्नर मात्र वापराने वाढतो. म्हणून दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरील मुलामुलींच्या बाबतीत वेळीच विचार करणे अगत्याचे आहे.

दहावीनंतरच्या वाटा

पहिली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. वीजतंत्री, जोडारी, कातारी, यंत्र कारागीर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. संधाता, डिझेल यांत्रिक यांसारखे एका वर्षाचे आहेत. वीजतंत्रीसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. संधाता व तारतंत्री या व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलासही प्रवेश मिळू शकतो. म्हणजे दहावीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाने निराश होऊन घरी बसण्याचे कारण नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम यशस्वी करणाऱ्यास पुढे तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेता येतो. ही वाट पुढील शिक्षणाचे दार बंद करते, हा समज त्यामुळे खरा नाही.

दुसरी वाट उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय अभ्यासक्रमांची. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने माध्यमिक शिक्षणास व्यवसायाची जोड द्यावी अशी शिफारस केली होती. १९८८ मध्ये केंद्र शासनाची त्यासाठी योजना आली आणि महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. पुढे त्यांची जागा राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्याप्रमाणे बेतलेल्या अभ्यासक्रमांनी घेतली. यात विद्यार्थी बारावीही होतो आणि एखादा व्यवसायही शिकतो.

तिसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. पहिल्या दोन वाटांनी जाणाऱ्यालाही शेवटी येथे येणे हिताचे असते. कारण संस्थेतील यंत्र व कारखान्यातील यंत्र यांत फरक असतो, आणि चालू कामावरची शिस्त वर्गात शिकता येत नाही.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे काय ?

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला. १९८६ च्या दुरुस्तीने बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचाही त्यात समावेश झाला. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे असावे लागते. धोकादायक उद्योगांशी निगडित व्यवसायांसाठी ही मर्यादा १८ वर्षांची आहे. तळोज्यास रसायनांचे कारखाने पुष्कळ असल्यामुळे पालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

उमेदवारास काम शिकत असता विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने त्याचे किमान दर शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविले. अर्ज करतेवेळी चालू दराची चौकशी करावी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेखाली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र शासन सोसते. २०२३ पासून हा हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला.

सही करण्यापूर्वी

समजा, एकाच आळीतील दोन मुले एकाच कारखान्यात जाऊ लागली. एक ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर गेला. त्याला ‘काम शिकशील’ असे सांगून गोणी वाहावयास लावले. दुसरा नोंदलेला करार करून जोडारी म्हणून गेला. वर्षअखेर पहिल्याच्या हाती केवळ मजुरी राहील, तर दुसऱ्याच्या हाती मजुरीशिवाय व्यवसायाचा अनुभव राहील आणि परीक्षा दिल्यावर देशभर चालणारे प्रमाणपत्रही मिळेल. दोघांत अंतर पडले ते एका कागदामुळे.

म्हणून पुढील गोष्टी तपासाव्यात. करारावर व्यवसायाचे नाव, मुदत व विद्यावेतन स्पष्ट लिहिलेले असावे. मुलगा अज्ञान असल्यास पालकाची सही लागते. कराराची नोंदणी झाली किंवा नाही हे विचारावे. अनुमतीवाचून उमेदवारास जादा वेळ कामास लावता येत नाही. कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर असते. मात्र मुदत संपताच तेथेच नोकरी मिळेल अशी हमी कायदा देत नाही, हेही मुलास आरंभीच सांगावे. अवाजवी आशेने पुढे मन खचते.

शेतीला याचा उपयोग

ज्यांची जमीन अद्याप हाती आहे त्यांनाही हे शिक्षण परके नाही. कोकणातील बहुतांश भातशेती पावसावर एक पीक देते. कापणी-झोडणी उरकली की हात मोकळे होतात. पंप, पॉवर टिलर, मळणीयंत्र यांची दुरुस्ती जाणणारा तरुण त्या महिन्यांत शेजारच्या चार गावांची गरज भागवून घरच्या उत्पन्नास हातभार लावू शकतो. या कामी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचा आदर्श पाहण्यासारखा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो स्थापिला. शेती व पशुपालन, वीज व ऊर्जा, बांधकाम व यंत्रकाम, गृह व आरोग्य या चारही अंगांचे शिक्षण तेथे प्रत्यक्ष काम करवून दिले जाते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे कर्तव्य

शालान्त परीक्षेचा निकाल लागताच प्रवेशाची मुदत धावू लागते. कार्यकर्त्यांनी त्यापूर्वीच दहावी-बारावीच्या मुलामुलींची यादी करावी. गुणपत्रक, जातीचा व रहिवासाचा दाखला, आधारपत्र व बँक खाते यांची सिद्धता करवून घ्यावी. प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी आपला दाखलाही जपून ठेवावा. मुलींना वीजतंत्री किंवा यंत्र कारागीर होण्यास कोणतीही आडकाठी नाही, हे पालकांच्या गळी उतरवावे. शक्य तेथे पालकांना एकदा प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा प्रत्यक्ष दाखवावी. मुलांचे हात यंत्रावर चाललेले पाहून पालकांचा जो विश्वास बसतो, तो दहा व्याख्यानांनी बसत नाही.

बियाणे निवडताना शेतकरी दाणा न् दाणा पारखून घेतो. मुलाचा व्यवसाय निवडतानाही तीच पारख हवी. कारण येथे चुकलेली पेरणी पुढील मृगाला सुधारता येत नाही.