हिरवे दावे आणि उशिरा जागा झालेला कायदा

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या ग्राहक पंचायतींची चळवळ दहाएक वर्षांची झाली होती. बिघडलेला फ्रिज, वेळेवर न मिळालेला फ्लॅट, वजनात मारलेले माप, अशा तक्रारींसाठी लोकांनी हा कायदा हक्काने वापरला. पर्यावरणाच्या नावाने केलेल्या दाव्यांपुढे मात्र तो तोकडा पडला. ‘निसर्गाला अपाय न करणारी’ म्हणून घेतलेल्या पावडरीने कपडे स्वच्छच निघतात. अपाय होतो तो नाल्यात, नदीत, घेणाऱ्याच्या नजरेआड. मग ग्राहकाने आपले नुकसान दाखवायचे कसे, आणि दावा खोटा ठरवायला प्रयोगशाळेचा खर्च करायचा कोणी?

सरकारला हे उमगले नव्हते असे नाही. १९९१मध्ये केंद्राने ‘इकोमार्क’ योजना आणली. साबण, कागद, रंग, बॅटरी अशा वस्तूंनी ठरलेले निकष पार केले, की त्यांच्यावर मातीच्या मडक्याचे चिन्ह छापता येणार होते. योजना चांगली होती, पण ऐच्छिक. चाचण्या करून घेणाऱ्याला खर्च आणि खेटे. त्याच फळीवर दुसरा उत्पादक हिरवे पान छापून मोकळा, त्याला विचारणारे कोणी नाही. मोजक्याच कंपन्या पुढे आल्या आणि मडके बहुतेकांच्या ओळखीचेही झाले नाही. खऱ्याला प्रमाणपत्र देण्याआधी खोट्याला अटकाव करायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

२०१५मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले. चाचणीपुरता धूर कमी दाखवणारी प्रणाली कंपनीने डिझेल गाड्यांत बसवली होती. अमेरिकेत तिथल्या व्यापार आयोगाने ‘स्वच्छ डिझेल’च्या जाहिराती म्हणजे ग्राहकांची फसवणूक आहे, असा दावा २०१६मध्ये लावला. आपल्याकडे पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेने गाड्या तपासल्या आणि रस्त्यावरचे उत्सर्जन मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे दिसले. हरित लवादाने २०१९मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई रोखली. इथे सगळा खल झाला तो धुराचा. गाडी घेणाऱ्याला काय सांगून ती विकली, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, लागू झाला जुलै २०२०मध्ये. त्यातून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभे राहिले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची ते स्वतःहून दखल घेऊ शकते, १० लाखांपर्यंत आणि पुन्हा चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहिरात क्षेत्राच्या ‘आस्की’ या संस्थेने हरित दाव्यांसाठी नियम लागू केले आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी प्राधिकरणाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’, ‘कार्बन न्यूट्रल’ असे काही म्हणायचे, तर पुरावा कंपनीने द्यायचा, तोही जाहिरातीत किंवा क्यूआर कोडमधून ग्राहकाला पाहता येईल असा. दावा वस्तूचा, वेष्टनाचा की निव्वळ कारखान्यातल्या प्रक्रियेचा, हेही सांगायचे. ‘अमुक सालापर्यंत शून्य उत्सर्जन’ म्हणायचे, तर त्यामागे प्रत्यक्ष कृती आराखडा हवा. इतकी वर्षे ग्राहकाच्या डोक्यावर असलेले ओझे आता जिथे हवे तिथे गेले.

तरी फट आहेच. कोणत्याही वस्तूशी न जोडलेली, कंपनीच्या ध्येयधोरणाची भाषा या तत्त्वांतून सुटते. आणि किराणा दुकानात मिळणारी ‘कंपोस्टेबल’ पिशवी घ्या: अशी पिशवी बहुतेकदा औद्योगिक खतप्रकल्पाच्या उष्णतेतच कुजते, कुंडीत किंवा कचरा डेपोवर ती दीर्घकाळ तशीच पडून राहू शकते. तिच्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असायला हवा. तो न छापणारा छोटा उत्पादक दिल्लीतल्या प्राधिकरणाच्या नजरेला पडणार नाही. तो गल्लीतल्या ग्राहकालाच दिसेल. अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि आता त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल ग्राहकाने आणायचा नाही.