रोलर, सुरी आणि क्षितिज

वासुदेव गायतोंडे यांना आपल्या चित्रांवरचा ‘अमूर्त’ हा शिक्का मान्य नव्हता. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द त्यांना जवळचा वाटे. तरीही त्यांच्या कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर कुणाला धुक्यातला समुद्र दिसतो, कुणाला ओल धरलेली भिंत.

जन्म १९२४, नागपूर, घराणं गोव्याचं. १९४८मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका.

सुरुवातीच्या मानवाकृतींवर भारतीय लघुचित्रांचा आणि पॉल क्लीचा प्रभाव होता. पुढे आकृती विरघळत गेल्या. रंग, पोत आणि आतून झिरपणारा प्रकाश तेवढा उरला. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंग चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. झेन विचारांची ओढ होती. हात चालवण्यापेक्षा चिंतनाला वेळ अधिक, त्यामुळे वर्षाकाठी चित्रं मोजकीच होत.

१९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१मध्ये पद्मश्री मिळाली. १९८४च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास थांबले, तेव्हा कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली.

२००१मध्ये निधन. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं.