वऱ्हाडातील स्वयंपाकघर हीच पहिली प्रयोगशाळा

विज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक आणि कुलूपबंद कपाटे उभी राहतात. शाळेत प्रयोगशाळा नाही, म्हणून मुलांना विज्ञान कळत नाही, अशी तक्रार अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोठल्याही शिक्षकसभेत ऐकू येते. तक्रार खोटी नाही, पण ती अपुरी आहे. विज्ञानाचा आरंभ उपकरणांपासून होत नाही, प्रश्नापासून होतो. आणि प्रश्न विचारण्याची वृत्ती ज्या वयात सर्वांत तल्लख असते, त्या चार ते आठ वर्षांच्या वयात मूल प्रयोगशाळेत नसते. ते आईच्या, आजीच्या अवतीभोवती स्वयंपाकघरात लुडबुडत असते. ‘मध्ये मध्ये करू नको’ असे सांगून आपण त्याला तेथून हाकलतो आणि पुढे दहा वर्षांनी त्याला विज्ञानाची गोडी नाही म्हणून शिकवणी लावतो.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत वास्तव्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालशिक्षण गरिबांच्या अंगणात नेले. परदेशी पद्धतीची महाग साधने बाजूला ठेवून शंख, शिंपले, खडे, पाने आणि बिया यांनाच त्यांनी शैक्षणिक साधने मानले. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी घडविली, त्यामागेही हीच दृष्टी आहे. मग आपल्या वऱ्हाडातील स्वयंपाकघरात कोणती साधने आहेत, याचा शोध आपण का घेऊ नये?

पहिले साधन माठ. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या अकोल्यात माठाचे महत्त्व मुलाला निराळे सांगावे लागत नाही. रात्री एकाच पाण्याने एक माठ व एक स्टीलचा गंज भरावा, दोन्ही सावलीत शेजारी ठेवावेत आणि दुपारी मुलाला दोहोंत बोट बुडवू द्यावे. माठ बाहेरून ओलसर का, हे त्यालाच पाहू द्यावे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दर ग्रॅम पाण्यामागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती मुख्यतः आतल्या पाण्यातून व माठातून घेतली जाते. हा आकडा मुलाला सांगण्याची घाई नको. परंतु श्रावणात तोच माठ पाणी तितके गार का करत नाही, हा प्रश्न त्याला जरूर घालावा. हवाच ओली असली की वाळत घातलेले कपडेही लवकर वाळत नाहीत, हे त्याने पाहिलेले असतेच. या दोन गोष्टींची सांगड त्याने स्वतः घातली, तर तो क्षण पाठ केलेल्या दहा व्याख्यांहून मोलाचा होय.

दुसरे साधन कापूस. वऱ्हाडात तो दोन रूपांत सहज मिळतो: सरकी काढलेली रुई आणि औषधाच्या दुकानातील कापूस. दोहोंची एकेक चिमूट पाण्यावर सोडावी. दुकानातला कापूस पाणी पिऊन झटकन बुडतो, रुई मात्र बराच वेळ तरंगत राहते. कारण कपाशीच्या धाग्यावर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. औषधी कापूस तयार करताना तो काढून टाकलेला असतो. आता तीच रुई वाटीभर तेलात टाकावी. पाण्याला दाद न देणारी रुई तेल मात्र सहज शोषून घेते. निरांजनातली वात रुईची का चालते, याचे उत्तर मुलाला देवघरात मिळेल. ज्या पिकावर या प्रदेशाचे बरेवाईट पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून आहे, त्याचा एवढा गुण येथील मुलाला ठाऊक असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

तिसरे साधन वरूड-मोर्शीकडचे संत्रे. सालीसकट संत्रे पाण्यावर तरंगते, सोलले की बहुधा बुडते. ओझे कमी केल्यावर वस्तू बुडावी, हे मुलाला उफराटे वाटते. सालीतल्या पोकळ जागेत हवा असते, हे उत्तर लगेच देऊ नये. एखादे सोललेले संत्रे तरंगलेच, तर तो प्रयोग फसला असेही समजू नये. फोडींच्या मधल्या पोकळीत हवा उरली असेल काय, हे पाहण्यासाठी फोडी सुट्या करून पाहाव्यात. अनपेक्षित निकालाची भीती न वाटणे हाच वैज्ञानिक वृत्तीचा पहिला धडा आहे.

चौथे साधन हळद. पिवळा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो, हेही मुलाला करून पाहू द्यावे. मात्र या प्रयोगासाठी लहान मुलांच्या हाती चुना कधीही देऊ नये. तो डोळ्यांत गेला तर दृष्टीला इजा होते. हळदीच्या याच गुणाचा उपयोग करून ‘रक्त’ काढून दाखविणारे बुवा आपल्या समाजात होऊन गेले आहेत. ज्या मुलाने घरच्या वाटीत हा रंगपालट पाहिला आहे, ते पुढे अशा चमत्कारापुढे सहजी हात जोडणार नाही.

पाचवे साधन सर्वांत साधे आणि सर्वांत गंभीर आहे: पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे. एका बशीत असे विहिरीचे पाणी आणि दुसरीत साठवलेले पावसाचे पाणी सारख्याच मापाने घेऊन उन्हात ठेवावे. पाणी उडून गेल्यावर पहिल्या बशीत पांढरा थर राहतो. दोन बाटल्यांत तीच पाणी घेऊन सारखाच साबण किसून टाकावा, सारख्याच वेळा हलवावे आणि फेस बोटांनी मोजावा. ‘बाकी सारे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची’ हे प्रयोगशास्त्राचे सूत्र सहा वर्षांच्या मुलालाही यातून समजते. येथे विज्ञान केवळ गंमत राहत नाही. आपल्या गावातल्या पाण्यात नेमके काय आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, याची ती पहिली जाणीव ठरते.

यावर कोणी म्हणेल, की नोकरी करणाऱ्या आईला एवढा वेळ कोठून असणार? प्रश्न रास्त आहे, पण तो आईलाच का विचारावा? रविवारी वडिलांनी तासभर स्वयंपाकघरात बसावे. विस्तवाजवळ जाण्याची गरज वरीलपैकी एकाही प्रयोगाला नाही. शिक्षकांनीही दुकानातून विकत आणलेल्या ‘प्रकल्पां’ना गुण देण्याऐवजी आठवड्याला एकच प्रश्न घरी पाठवावा आणि सोमवारी प्रत्येकाने काय पाहिले ते ऐकून घ्यावे. सर्वांचे उत्तर एकच आले नाही, तर अधिकच चांगले. त्या मतभेदातूनच पुन्हा करून पाहण्याची गरज निर्माण होते.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या वयाला शिक्षणाचा पाया मानून खेळातून व कृतीतून शिकविण्यावर भर दिला. कायदा आणि धोरण आपापले काम करून मोकळे झाले आहेत. राहिलेले काम घराचे आहे, आणि त्यासाठी निधी मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. मूल ओट्यापाशी येऊन ‘हे असे का?’ असे विचारते, तेव्हा त्याला हाकलू नये आणि उत्तरही देऊ नये. ‘करून पाहू या’ एवढेच म्हणावे.