चपला काढायच्या का?

मच्छीमार नगरात व्याख्यान द्यायचं ठरलं तेव्हा संयोजक म्हणाले, ‘सर, तत्त्वज्ञान जरा सोपं करा.’ मी म्हटलं, सोपं कशाला करायचं? तुमच्या शेजारचीच एक इमारत घेऊ. इथून रीगल सिनेमाच्या चौकापर्यंत चालत गेलात तर अर्धा-पाऊण तास लागतो. चौकात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. इथले किती जण आत गेलेत? हात वर करा. ...तीन. बरं.

ही वास्तू मुळात सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह म्हणून 1911 साली उभी राहिली. आराखडा जॉर्ज विटेटचा. समोरचं वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडियाही त्याचेच. सभागृह म्हणजे माणसांनी एकत्र बसून ऐकण्याची जागा. तिथं राजकीय सभा झाल्या, मैफली झाल्या. पुढे शहरात नवी, सोयीची सभागृहं आली आणि या हॉलला उतरती कळा लागली. मग तिथं मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ आणि कमी भावातल्या मालाचे सेलसुद्धा लागायचे. शिल्पकार पिलू पोचखानवाला, गॅलरी केमोल्डचे केकू गांधी अशा मंडळींनी पाठपुरावा केला. बाहेरचं दगडी रूप तसंच ठेवून आतली रचना बदलली, एकावर एक दालनं चढवली. या कामाला बारा वर्षं लागली आणि 1996 मध्ये संग्रहालय खुलं झालं. आज तुम्ही वळत्या जिन्यानं चढत जाता आणि शेवटी घुमटाखालच्या दालनात पोचता. ऐकण्यासाठी बांधलेली जागा बघण्याची झाली.

आता माझी गोष्ट. तुमच्याच वस्तीतल्या एक ताई बरीच वर्षं आमच्याकडे म्हावरं देतात. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, ‘त्या घुमटाच्या बिल्डिंगीवरून रोज बस जाते, आत काय हाय?’ म्हटलं, चला, दाखवतो. सोमवारी ते बंद असतं, म्हणून आम्ही मंगळवारी गेलो. पायऱ्यांपाशी त्या थांबल्या आणि हळूच विचारलं, ‘सर, चपला काढायच्या का?’

तुम्ही हसलात. मीही हसलो होतो. पण सार्वजनिक म्हणून बांधलेल्या जागेच्या दारात त्यांना असं वाटावं, हे मला नंतर फार लागलं.

आत बी. प्रभा यांचं एक चित्र होतं. प्रभाबाईंच्या कोळणी तुम्हाला ठाऊक असतील. उंच, सडपातळ, मान लांब, चेहरा स्वतःतच हरवलेला. मी लगेच रेषेवर बोलायला लागलो. तीस वर्षांची सवय! ताई म्हणाल्या, ‘एवढी बारीक बाय भरलेली पाटी उचलंल कशी?’

इथं कांट आणावा लागतो, इलाज नाही. 1790 साली त्यानं सौंदर्याच्या निर्णयाबद्दल लिहिलं, की वस्तू सुंदर आहे असं म्हणायला तिची संकल्पना ठाऊक असण्याची गरज नाही. फूल कशासाठी असतं हे माहीत नसलं तरी ते आवडतं. मग ‘आम्हाला चित्रातलं कळत नाही’ ही सबबच उरत नाही. पण या हिशेबानं ताईंचा आक्षेप गैरलागू ठरतो, कारण त्या पाटीचं वजन मनात धरून बोलत होत्या.

मी वर्गात बहुतेक वेळा इथंच थांबत असे. चूक करत होतो. कांट पुढे दुसरा प्रकार सांगतो. फुलाचं सौंदर्य स्वायत्त. पण माणूस, घोडा, इमारत यांचं सौंदर्य परायत्त. ते काय आहेत, कशासाठी आहेत, याची जाण त्या निर्णयात मिसळलेलीच असते. म्हणजे कोळणीच्या चित्राकडे कोळीण म्हणून बघायला कांटच्या घरात जागा आहे. आणि त्या बाबतीत जाणकार कोण, मी की त्या?

ताई बराच वेळ हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हिचं म्हावरं खपलं नाय आज. घरी जायचं टाळते.’ हे चित्र मी पूर्वी दोनदा पाहिलं होतं. मला फक्त रेषा दिसली होती.

आता कोणी म्हणेल, सर, ही चित्राची समीक्षा नव्हे, ही आपली स्वतःची व्यथा चित्रात बघणं झालं. आक्षेप वजनदार आहे. पण ताईंनी ‘मला माझी आठवण आली’ असं म्हटलं नाही. त्यांनी त्या बाईच्या मानेकडे, उभं राहण्याकडे बोट दाखवलं. पुरावा कॅनव्हासवरच होता. तुम्ही जाऊन तपासू शकता, त्यांच्याशी भांडू शकता. सौंदर्याबद्दल भांडता येतं, नुसत्या आवडीबद्दल नाही, हेही कांटचंच.

उतरताना मी सांगितलं, की इथं पूर्वी मोठा हॉल होता, लोक भाषणं ऐकायला यायचे. ताईंनी वर बघितलं, कठड्यावरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, ‘तरीच. जिना मागनं घुसवल्यासारखा वाटला मला.’

प्रश्न असतील तर विचारा. पुढच्या रविवारी अकरा वाजता मी त्या पायऱ्यांपाशी उभा असेन. चपला घालूनच या.